राष्ट्रीय ओळखपत्र, आधार आणि आपण : सांगलीकडं सारखे विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देणं, आधारच्या दुरुस्तीला सोबत जाणं, रेशनचं काही अडलं तर तहसीलला चक्कर मारणं हे काम मी बरीच वर्षं करतोय. तासगाव, पलूस, जत कुठंही गेलं तरी लोक तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. जिथं माझं मत आहे तिथं ते मत म्हणूनच वाचा.

राष्ट्रीय ओळखपत्र म्हणजे आधारच ना? मग अजून वाद कसला?

नाही, दोन्ही वेगळं. राष्ट्रीय ओळखपत्र म्हणजे "हा माणूस या देशाचा नागरिक आहे" असं सरकारनं लिहून दिलेलं कार्ड. २००३ साली नागरिकत्व कायद्यात १४ अ हे कलम घातलं, त्यात असं आहे की केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीनं नोंद करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकतं. हे कलम आजही कायद्यात आहे पण तसलं कार्ड देशभर काही वाटलेलं नाही. आधार हा फक्त १२ आकडी नंबर आहे आणि तो इथं राहणाऱ्याला मिळतो, नागरिकालाच मिळतो असं नाही. म्हणजे परदेशी माणूससुद्धा मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त इथं राहिलेला असेल तर कायदेशीरपणे आधार काढू शकतो.

वाद एवढ्यासाठी की कायद्यात आधार हे नागरिकत्वाचं कार्ड नाही, पण रोजच्या व्यवहारात त्याच्याशिवाय पान हलत नाही. दवाखान्यात आधार, शाळेत आधार, लॉजवर आधार, खताच्या दुकानात आधार.

ही कल्पना मुळात आली कुठून?

कारगिल युद्धानंतर. त्या युद्धाचा अभ्यास करायला जी समिती नेमली होती तिनं सीमेवरच्या गावातल्या लोकांना ओळखपत्रं द्यावीत असं सुचवलं, मग मंत्रीगटानं ते सगळ्या देशाला लागू करायचं म्हणलं, मग २००३ ची दुरुस्ती आली. म्हणजे सुरुवात सुरक्षेतून झाली, रेशन-पेन्शनचा तेव्हा विषयच नव्हता.

आधारचं प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये झालं, नंदन निलेकणी पहिले अध्यक्ष, आणि पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. आता बघा, लोकांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली २०१० ला आणि कायदा झाला २०१६ ला. मधे एक विधेयक आणलं होतं, ते यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं डिसेंबर २०११ मध्ये नाकारलं. तरी नोंदणी चालूच राहिली. आणि २०१६ ला कायदा केला तोही मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेला फक्त सूचना करता येतात, अडवता येत नाही. ज्या गोष्टीसाठी कोट्यवधी माणसांची दहाच्या दहा बोटं आणि दोन्ही डोळे घेतले तिच्यावर दोन्ही सभागृहांत पोटभर चर्चा व्हायला नको होती का? मला हे अजूनही खटकतं.

आधार आहे म्हणजे मी भारताचा नागरिक हे सिद्ध झालं ना?

नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच सरळ लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. नवीन कार्डावरही तसं छापलेलं असतं, वाचून बघा. जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही ते चालत नाही, अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरला. मुंबई हायकोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार कार्ड जवळ आहे म्हणून कुणी नागरिक होत नाही. बिहारच्या मतदार याद्यांच्या तपासणीच्या वेळी सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आधीच्या अकरा कागदांच्या जोडीला आधार बारावा कागद म्हणून घ्यायला लावला, पण ओळखीपुरताच.

म्हणून शाळेचे दाखले, जन्माची नोंद, जुने सातबारे, आजोबांचे खाते उतारे असले कागद आधार आलं म्हणून टाकून देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या पोरांसाठी जन्मदाखला हाच मोठा कागद झालाय, तो वेळेत काढा, नाव नीट घाला.

मग खरं नागरिकत्वाचं कार्ड सगळ्यांना देऊन टाकलं तर प्रश्नच मिटेल की?

ऐकायला बरं वाटतं. पण कार्ड द्यायच्या आधी कोण नागरिक हे ठरवावं लागतं, आणि ते कागदावरून ठरतं. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदवहीची शेवटची यादी लागली तेव्हा १९ लाखांच्या वर माणसं यादीबाहेर राहिली. त्यात नवरा आत बायको बाहेर, भाऊ आत बहीण बाहेर असली घरंच्या घरं होती.

आपल्याकडं विचार करा. कोयना धरणात गाव गेलं म्हणून उठून दुसरीकडं वसलेली कुटुंबं आहेत. पालावर राहणारे भटके विमुक्त आहेत. उसाच्या फडात जन्मलेली पोरं आहेत ज्यांची नोंद ना बीडला झाली ना सांगलीला. जतच्या पूर्व भागातल्या सत्तरीच्या आजींना विचारा जन्म कधीचा, त्या दुष्काळ सांगतील, तारीख नाही सांगणार. ही माणसं पिढ्यानपिढ्या इथलीच आहेत, फक्त त्यांच्याकडं फाईल नाही. राष्ट्रीय ओळखपत्राच्या चर्चेत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, की कार्ड ज्याला सहज मिळेल त्याला त्याची गरज कमी, आणि ज्याला गरज जास्त तो रांगेत सगळ्यात मागं.

ज्यानं काही लपवलेलं नाही त्यानं कशाला घाबरायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, चहाच्या टपरीवर तर हमखास. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारनं तिथल्या भारतीय लोकांना ठसे देऊन नोंदणी करायची आणि तो दाखला कायम जवळ बाळगायची सक्ती करणारा वटहुकूम आणला. गांधीजींनी विरोध केला तो काही लपवायचं होतं म्हणून नाही, तर आपल्याच माणसांना गुन्हेगारासारखं वागवलं जातंय म्हणून. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गमध्ये लोकांनी नोंदणीचे दाखले जाळले. आपल्या सत्याग्रहाची सुरुवातच या ओळखपत्राच्या भांडणातून झाली आहे, हे लोकांना सांगितलं की गप्प होतात.

आणि दुसरं म्हणजे आजचं सरकार चांगलं आहे म्हणून माहिती दिली तरी ती माहिती उद्याच्या सरकारकडंही जाणारच आहे. रवांडात बेल्जियमच्या राजवटीत ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते लिहायला सुरुवात झाली, आणि १९९४ च्या कत्तलीत नाक्यानाक्यावर तीच कार्डं बघून माणसं मारली. आपल्या आधारवर जात-धर्म नाही ही चांगली गोष्ट आहे आणि ती तशीच राहायला पाहिजे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध २०१२ साली केलेल्या याचिकेतूनच आला.

बाहेरच्या देशांत तर सगळीकडं कार्ड असतं म्हणतात?

सगळीकडं नाही. जर्मनीत आहे, एस्टोनियात तर त्या कार्डावर जवळपास सगळी सरकारी कामं होतात. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात कार्ड होतं, युद्ध संपलं तरी पोलीस मागतच राहिले, १९५० मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसानं गाडी अडवल्यावर कार्ड दाखवणार नाही म्हणून सांगितलं, खटला झाला, आणि १९५२ मध्ये कार्डच रद्द झालं. २००६ ला परत कायदा केला, २०१० ला परत रद्द केला आणि गोळा केलेली माहिती नष्ट केली. स्वित्झर्लंडनं तर लोकांनाच विचारलं. २०२१ ला लोक नाही म्हणले, मग खासगी कंपन्यांऐवजी सरकारच चालवील असा बदल करून २०२५ ला परत विचारलं तेव्हा अगदी थोडक्यात हो आलं. तिथं "नाही" म्हणायची सोय होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही नुसतं विरोधातच बोलताय, फायदा काहीच नाही का?

आहे, आणि मोठा आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात, त्यांना विचारा. अनोळखी गावात खोली भाड्यानं घ्यायची, गॅस घ्यायचा, बँकेत खातं उघडायचं तर आधी कोण ओळख देणार? आता तो नंबर कुठंही चालतो. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाला एक देश एक रेशन कार्डमुळं इथल्या दुकानात धान्य घेता येतं, तेही आधारच्या जोरावरच. निराधार योजनेचे पैसे, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात पडतात, मधे कुणी हात मारत नाही, आणि ज्या बाईच्या नावावर आयुष्यात काही नव्हतं तिचं स्वतःचं खातं झालं. याला मी कमी लेखणार नाही.

महापुराचंही सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी उतरल्यावर कृष्णाकाठच्या एका घरी गेलो होतो, वहिनींनी रेशनकार्डाची पानं सुटी करून पत्र्यावर वाळत टाकलेली, वर उडू नयेत म्हणून चमचे ठेवलेले. शाई पसरून नावांचा नुसता निळा डाग झालेला. शेजारी पोराचा दहावीचा दाखला, त्याच्या दोन घड्या चिकटून एक झालेल्या, ओढला की फाटायचा. अशा वेळी नंबर संगणकात आहे, बोटावरून परत काढता येतो, ही फार मोठी सोय आहे. पण त्याच आठवड्यात लाईट नव्हती, मोबाईल पाण्यात गेलेले, ओटीपी कुठून येणार? तेव्हा कामाला आला तो वही घेऊन दारात येणारा आणि माणसं तोंडओळखीनं ओळखणारा गावकामगार. म्हणून माझं म्हणणं असं की मशीन असू दे, पण वही फेकू नका.

रेशन दुकानात अंगठा लागत नाही, दुकानदार परत पाठवतो. काय करायचं?

यावर जरा सविस्तर लिहितो कारण याच्यातच सगळा वाद आहे असं मला वाटतं.

हळदीच्या दिवसांत आमच्याकडच्या बायका काढणी, शिजवणं, वाळवणं सगळं हातानं करतात. बोटांची कातडी घासून गुळगुळीत होते, वर पिवळा थर बसतो, भेगा पडतात. ऊसतोड्यांचं तर कोयता धरून धरून बोटाचं टोकच राठ झालेलं असतं. एका दुकानात मी उभा होतो तेव्हा एक आजी आल्या, अंगठा ठेवला, मशीननं नाही म्हणलं. दुकानदारानं ओल्या फडक्यानं बोट पुसलं, परत नाही. पदरानं कोरडं केलं, नाही. मग खोबरेल तेल लावलं, मग दुसऱ्या हाताचं बोट, मग मधलं बोट. मागची रांग कुजबुजायला लागली तशा आजीच म्हणल्या, राहू दे बाबा, पुढच्या खेपेला बघू. त्यांना गावातलं शेंबडं पोरगंही ओळखतं. दुकानदार त्यांना मावशी म्हणतो. आणि तरी त्या दिवशी त्यांची ओळख पटली नाही.

नियम काय सांगतो? आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच आहे की आधार नंबर मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा मार्ग द्यायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कुणाचं रेशन नाकारायचं नाही, रेशनकार्डावरून नाव कमी करायचं नाही. ठसा नाही जुळला तर डोळ्याचं स्कॅन, मोबाईलवर ओटीपी, आणि तेही नाही झालं तर रजिस्टरला नोंद करून धान्य द्यायचं. हे कागदावर आहे. दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि बऱ्याच दुकानदारांना पण भीती असते की मशीनवर नोंद नाही तर हिशोब कसा लागायचा.

तुम्ही काय करायचं? दहाही बोटं एकदा लावून बघा, जे नीट उठतं ते लक्षात ठेवा. हळद, ऊस, बांधकाम असलं काम असेल तर काम नसलेल्या दिवसांत, हात जरा बरे झाल्यावर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं द्या. मोबाईल नंबर जोडलेला ठेवा, आणि तो घरातल्या माणसाचाच ठेवा, परक्याचा नको. घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाव कार्डावर असेल तर त्याच्या अंगठ्यावर पण धान्य मिळतं, म्हातारीलाच चालत नेऊ नका.

आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. कोणतं खरं?

आपल्याकडं हे घराघरात आहे. शाळेत बाळू, सातबाऱ्यावर बाळासाहेब, आधारवर बालासाहेब. बाईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. जतकडं कानडी नाव मराठीत लिहिताना एक, इंग्रजीतून परत मराठीत येताना भलतंच. संगणकाला बाळू आणि बाळासाहेब ही दोन माणसं वाटतात.

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यामुळं घाई नको. आधी सगळे कागद समोर मांडा, कुठलं नाव जास्त ठिकाणी आहे ते बघा आणि मग त्याच्याशी बाकीचे जुळवा. ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्याच्या दुरुस्तीला ७५ आणि ठसे बदलायला १२५ रुपये आहेत, नवीन नोंदणी फुकट आहे. पाच आणि पंधरा वर्षांच्या पोरांचे ठसे नव्याने देणं पण फुकट आहे. कुणी जास्त मागितलं तर पावती मागा. आणि खरं सांगायचं तर ऑपरेटरनं टाईप करताना केलेली चूक माणसानं स्वतःच्या पैशानं, रोजगार बुडवून दुरुस्त करावी हा नियमच चुकीचा आहे.

आधार नक्की कुठं लागतं, कुठं नाही?

२६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला. कायदा टिकला पण बऱ्याच गोष्टी काढून टाकल्या. सरकारी अनुदान आणि योजनांना आधार लागतं, पॅनला जोडावं लागतं. बँक खात्याला आणि सिमकार्डाला सक्ती करता येत नाही, तिथं तुमच्या मर्जीनं देता येतं पण दुसरा कागद दिला तर घ्यावाच लागतो. शाळाप्रवेशाला सक्ती नाही. खासगी कंपनीला तुमच्या मागं लागायचा हक्क नाही. एकट्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी विरोधात मत दिलं, मनी बिलाची वाट धरणं ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक आहे असं त्यांनी लिहिलं.

झेरॉक्स देऊ का नको?

शक्यतो मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या साईटवर फुकट मिळतं. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून आडवी सही करा. बोटांचे ठसे मोबाईल ॲपवरून लॉक करता येतात, ते करून ठेवा, पण रेशनच्या दिवशी उघडायला विसरू नका.

आता फार्मर आयडी, पोरांना अपार, दवाखान्याला आभा. हे सगळं कशाला?

अपार म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख नंबर आणि आभा म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा नंबर. हे दोन्ही ऐच्छिक आहेत, अपारला पालकांची संमती लागते. शाळेनं फॉर्म दिला म्हणून न वाचता सही करू नका. फार्मर आयडी मात्र १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना लागतो, त्यामुळं काढून ठेवा. पण तो सातबाऱ्यावर उभा आहे, म्हणजे वाट्यानं, खंडानं कसणारा त्यात शेतकरी नाही. आणि जिच्या नावावर गुंठाभर पण नाही पण जी सकाळपासून द्राक्षबागेत राबते ती बाईपण शेतकरी नाही.

शिवाय जमीन, शिक्षण, आजारपण, बँक हे सगळं एकाच नंबराला बांधलं की तो नंबर ज्याच्या हातात त्याला आख्खा माणूस एका क्लिकवर दिसतो. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ ला झालाय, पण त्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवली आहे.

मग तुमचं म्हणणं काय, कार्ड हवं की नको?

ओळख हवी. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला ती आधी हवी. पण कार्ड हे माणसानं हक्क मागायला दाखवायची गोष्ट असावी, माणसाला दारातून परत पाठवायचं कारण नसावं. कार्ड नसलं, ठसा नाही जुळला, नावात काना-मात्रा चुकला तरी धान्य, पेन्शन, दवाखाना आणि शाळा थांबता कामा नये, आणि चूक सुधारायची जबाबदारी सरकारची असावी. नागरिकत्वाचं नवं कार्ड आणायचं असेल तर आधी ग्रामसभेत मांडा, लोकांना प्रश्न विचारू द्या.

अडवलं तर पहिलं काय करू?

तोंडी भांडू नका, लेखी मागा. "ठसा जुळला नाही म्हणून धान्य दिलं नाही" एवढं कागदावर लिहून द्या म्हणा, बहुतेक वेळा तिथंच मार्ग निघतो. नाहीच दिलं तर तारीख, दुकानाचा नंबर आणि सोबत कोण होतं ते लिहून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. रेशनसाठी १९६७ आणि आधारसाठी १९४७ ला फोन करता येतो, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. महिना संपायच्या आत जा, धान्य त्या महिन्याचं असतं.